लाईट आली, पण पडदा काळाच

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की शिरूर अनंतपाळच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते. तिथल्या एका काट्यावर मी एक छोटा बोर्ड आणि 7 इंची पडदा बसवून दिला होता. काट्याच्या यंत्रावरचा आकडा बोर्ड वाचायचा आणि बाहेर उभ्या शेतकऱ्याला मोठ्या अक्षरात दाखवायचा. काम एवढंच. पण दिवसातून दोन-तीनदा लाईट जायची, आणि परत आली की पडदा वीसेक सेकंद काळा राहायचा. काट्यावरच्या पोराला वाटायचं, डबा बंद पडला. तो खटका बंद करून पुन्हा चालू करायचा. लिनक्स अर्धवट उठलेलं असताना असं दोन-चारदा झालं की मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडायची, आणि मग डबा खरोखरच बंद पडायचा. एका हंगामात तीन कार्डं गेली.

उपाय उघड होता. लिनक्स उठण्याआधी, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला, पडद्यावर काहीतरी दिसायला हवं होतं. हे काम बूटलोडरचं. म्हणून मी यू-बूटमध्ये पडदा चालू करायला बसलो आणि तो चालू होईना. त्या खटाटोपात जे शिकलो ते इथे मांडतो. लातूर-नांदेडकडची डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची बरीच मुलं आता असे बोर्ड हाताळतात, आणि पडदा काळा दिसला की बोर्ड जळाला असं धरून चालतात. बहुतेक वेळा तो जळालेला नसतो.

आधी क्रम डोक्यात पक्का करा. वीज मिळाली की चिपच्या आतला छोटा कायमस्वरूपी प्रोग्राम चालतो. तो कार्डावरून एसपीएल नावाचा लहान तुकडा उचलतो. एसपीएल रॅम चालू करतं आणि मूळ यू-बूटला बोलावतं. यू-बूट कर्नल चढवतं. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्यानं पीपीसीबूट म्हणून सुरू केलेला हा प्रकल्प 2002 साली यू-बूट झाला, आणि आज राउटरपासून मोटारीतल्या पडद्यांपर्यंत तोच सापडतो. पडद्याचं काम सहसा एसपीएल करत नाही, मूळ यू-बूट करतं. त्यामुळे गाडी एसपीएलमध्येच अडली असेल, तर पडद्याच्या तारा तपासण्यात वेळ घालवू नका.

गाडी कुठे अडली हे कळायला सिरियल केबल लागते. माझा पहिला आग्रह हाच आहे. पडदा दुरुस्त करायचा तर पडद्याकडे पाहू नका, सिरियलवर पाहा. यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर दोन-अडीचशे रुपयांत मिळतो. तो 3.3 व्होल्टचा घ्या. तीनच तारा जोडा: ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाच्या टीएक्सला कन्व्हर्टरची आरएक्स, आणि आरएक्सला टीएक्स. कन्व्हर्टरची 5 व्होल्टची लाल तार मोकळीच ठेवा. रास्पबेरी पायवर ग्राउंड 6 नंबरच्या पिनला, टीएक्स 8 ला आणि आरएक्स 10 ला आहे, शिवाय कॉन्फिग फाइलीत सिरियल चालू असल्याची ओळ लागते. वेग बहुतेक बोर्डांवर 115200 असतो, ऑलविनर आणि रास्पबेरी दोन्हींवर हाच. रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र 1500000 असतो. तिथे 115200 लावलं की नुसता कचरा येतो आणि माणूस उगाच घाबरतो.

सिरियलवर यू-बूटचं नाव, आवृत्ती आणि रॅमचा आकडा आला, की बोर्ड जिवंत आहे. उलटी मोजणी चालू असताना कुठलीही कळ दाबा, यू-बूट तिथेच थांबेल. पुढचं सगळं काम याच जागी बसून करायचं. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देतो आहे, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.

काळ्या पडद्याचे प्रकार

आता पडद्याकडे वळा आणि तो नेमका कसा काळा आहे ते बघा. खोली अंधारी करा, मोबाइलची टॉर्च पडद्याला चिकटवून तिरपी धरा आणि बाजूनं डोकं हलवत निरखून पाहा. आत पुसट अक्षरं किंवा लोगोची आकृती दिसली, तर चित्र व्यवस्थित पोचलेलं आहे. फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, पेटलेला नाही. माझ्या बाबतीत हेच निघालं. दोन रात्री मी ड्रायव्हरच्या फाइली वाचत बसलो होतो, आणि टॉर्च धरल्यावर अर्ध्या मिनिटात आतला लोगो दिसला.

पडदा पूर्ण पांढरा असेल, तर ती बऱ्यापैकी चांगली बातमी समजा. स्वस्तातल्या बहुतेक टीएन पॅनलांना वीज आणि उजेड मिळाला, पण चित्राचा सिग्नल मिळाला नाही, की ती पांढरी दिसतात. म्हणजे बॅकलाइट ठीक आहे, पॅनलची वीजही बहुधा ठीक आहे. रिबन केबल नीट बसली आहे का ते पाहा. काळी पट्टी उचला, केबल बाहेर काढा, तांब्याचे पट्टे कोणत्या बाजूला हवेत ते बघून सरळ आत सरकवा आणि पट्टी दोन्ही टोकांनी दाबा. एका टोकानं दाबली तर केबल तिरकी बसते आणि चित्र येत-जात राहतं. डीएसआय किंवा एसपीआयचं पॅनल असेल, तर त्याला सुरुवातीच्या आज्ञा गेल्या नसण्याचीही शक्यता आहे.

पडदा काळा आहे आणि टॉर्चमध्येही काही दिसत नाही, तेव्हाच सॉफ्टवेअरमध्ये खोल जायचं.

माझ्या बॅकलाइटचं कारण सांगतो, कारण ते अनेकांना भोवतं. बोर्ड ऑलविनरच्या ए20 चिपचा होता. त्यात उजेडाची पातळी ठरवणारी पीडब्ल्यूएम तार पीबी2 पिनवरून निघते. यू-बूटच्या ऑलविनर ड्रायव्हरमध्ये ही तार उलटी आहे, म्हणजे शून्य दिलं की उजेड पूर्ण, असं धरणारा एक पर्याय आहे, आणि तो मुळातच चालू असतो. माझं पॅनल सरळ होतं. यू-बूट इमानेइतबारे त्या तारेवर शून्य देत होतं आणि पॅनल त्याचा अर्थ अंधार असा घेत होतं. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलं आहे याच्या नोंदींच्या फाइलीत, तीच गोष्ट बरोबर लिहिलेली होती, म्हणून लिनक्स उठल्यावर पडदा पेटायचा. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर ‘जीपीआयओ सेट पीबी2’ ही आज्ञा दिली, आणि पडदा लख्ख उजळला. मग तो पर्याय बंद करून यू-बूट पुन्हा बांधलं.

तुमचा बोर्ड वेगळा असेल, पण रीत हीच. बॅकलाइटची एनेबल पिन मल्टिमीटरनं दोनदा मोजा, एकदा यू-बूटच्या प्रॉम्प्टवर आणि एकदा लिनक्स उठल्यावर. दोन आकड्यांत फरक निघाला की तुमचा दोष तिथेच आहे.

यू-बूटला विचारा

उजेड ठीक आहे, तरी अक्षरं नाहीत. आता ‘प्रिंटएन्व्ह’ देऊन एसटीडीआउट या चलाची किंमत वाचा. तिथे नुसतं ‘सिरियल’ असेल, तर यू-बूट पडद्यावर लिहितच नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ‘सेटएन्व्ह एसटीडीआउट सिरियल,विडकन्सोल’ असं द्या. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. एका वेळी दोन ठिकाणी लिहायची सोय यू-बूट बांधताना घातलेली नसेल, तर ही आज्ञा चुकते. अशा वेळी कॉन्फिगमध्ये कन्सोल मक्स चालू करावा लागतो. जुन्या लेखांत विडकन्सोलच्या जागी एलसीडी किंवा व्हीजीए अशी नावं दिसतील, नव्या आवृत्तीत ती तशीच टाकून अडकू नका. आणि सिरियल कधीही काढू नका. नुसतं विडकन्सोल ठेवून ‘सेव्हएन्व्ह’ केलं आणि पडदा चालला नाही, तर दोन्ही दारं बंद होतात.

‘कॉनइन्फो’ ही आज्ञा यू-बूटला माहीत असलेल्या कन्सोलांची यादी देते. यादीत विडकन्सोल नसेल, तर ‘डीएम ट्री’ द्या. ही यादी लांब असते, पण वाचायला सोपी आहे. प्रत्येक उपकरणापुढे चौकटी कंस असतो. त्यात अधिकचं चिन्ह असलं म्हणजे ते उपकरण प्रत्यक्ष उठवलेलं आहे. कंस रिकामा असला तर यू-बूटनं ते ओळखलं आहे, पण उठवलेलं नाही. यू-बूट गरज पडल्याशिवाय कुणालाच उठवत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण ड्रायव्हरलाच दोष देत राहतात. पडद्याचं नाव यादीतच नसेल, तर डिव्हाइस ट्रीत त्याची नोंद बंद आहे किंवा ड्रायव्हर बांधलेलाच नाही.

इथे एक अडचण अशी आहे की ती मुद्दाम सांगायला हवी. यू-बूट आधी रॅमच्या एका जागी चालतं, मग स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाकडे हलवतं. पडद्याच्या चित्रासाठीची जागा, फ्रेमबफर, या हलण्याच्या आधी राखून ठेवली जाते. त्या वेळी यू-बूट डिव्हाइस ट्रीतल्या मोजक्याच नोंदी पाहतं, ज्यांच्यावर तशी खूण आहे त्याच. तुमच्या पडद्याच्या नोंदीवर खूण नसेल तर जागा राखली जात नाही, आणि सिरियलवर फ्रेमबफरला मेमरी देता येत नाही अशा अर्थाची ओळ येते. ती ओळ हलण्याआधी उपकरण तयार ठेवा असंही सांगते. उपाय म्हणजे नोंदीत ‘बूटपीएच-ऑल’ ही खूण घालायची. 2023 च्या आधीच्या आवृत्त्यांत तिचं नाव वेगळं होतं, ‘यू-बूट,डीएम-प्री-रीलॉक’. जुनी डिव्हाइस ट्री नव्या यू-बूटला जोडताना याची आठवण ठेवा.

‘बीडीइन्फो’ दिलं की व्हिडिओच्या ओळीत ॲक्टिव्ह की इनॲक्टिव्ह ते दिसतं. ॲक्टिव्ह असेल तर खाली फ्रेमबफरचा पत्ता आणि आकार येतो, म्हणजे 800 गुणिले 480 गुणिले 32 असं. आता माझी सगळ्यात आवडती चाचणी करा. अक्षरांच्या भानगडीत न पडता सगळा पडदा थेट लाल रंगवायचा. 800 × 480 म्हणजे 384000 ठिपके, प्रत्येकाला एक 32 बिटांचा शब्द. यू-बूट आकडे हेक्साडेसिमलमध्ये वाचतं, आणि 384000 चं हेक्स 5डीसी00 होतं. ‘एमडब्ल्यू डॉट एल’ या आज्ञेला फ्रेमबफरचा पत्ता, मग 00एफएफ0000 हा रंग आणि 5डीसी00 ही संख्या द्या. पत्ता बीडीइन्फोमधूनच उचला, अंदाजानं टाकू नका, नाहीतर यू-बूट स्वतःवरच लिहून अडकेल. पडदा लगेच बदलला नाही तर ‘डीकॅश फ्लश’ द्या, कारण लिहिलेलं कॅशमध्येच राहिलेलं असू शकतं.

पडदा लाल झाला तर फ्रेमबफर ते पॅनल हा सगळा रस्ता मोकळा आहे आणि दोष कन्सोलमध्ये आहे. निळा झाला तर लाल-निळ्याच्या तारा किंवा क्रम उलटा आहे. काहीच झालं नाही तर डिस्प्ले कंट्रोलर, त्याचं घड्याळ आणि पॅनलची वीज यांच्याकडे जायचं. एका आज्ञेत दोष अर्ध्यावर येतो.

चित्र येतं पण वेडंवाकडं येतं, तेव्हा टायमिंग बघा. 800 × 480 च्या पुष्कळ पॅनलांना कडेची रिकामी जागा धरून एका ओळीत 1056 आणि उभ्यात 525 अशी मोजणी लागते. 1056 × 525 × 60 म्हणजे सुमारे 33.26 मेगाहर्ट्झ. पॅनलच्या डेटाशीटमधले आकडे घेऊन हा गुणाकार स्वतः करा आणि कॉन्फिगमधल्या पिक्सेल क्लॉकशी ताडून पाहा. चित्र तिरकं होऊन वाहत असेल तर घड्याळ किंवा एकूण मोजणी चुकली आहे. चित्र स्थिर आहे पण डावीकडून अक्षरं कापली जातात, तर आडव्या रिकाम्या जागेचा आकडा चुकला आहे. अक्षरांच्या कडांना रंगीत कण चमचमत असतील तर पॅनल डेटा घड्याळाच्या चुकीच्या कडेला उचलतं आहे, तिथे पोलॅरिटी बदला. आणि एका वेळी एकच आकडा बदला, जुना वहीत लिहून ठेवा. मी हे केलं नव्हतं, आणि एक चालू झालेली जोडणी माझ्याच हातानं गमावली.

एचडीएमआय मॉनिटर असेल तर

एचडीएमआयमध्ये बोर्ड आणि मॉनिटर आधी एकमेकांशी बोलतात. मॉनिटर 19 नंबरच्या पिनवरून आपण हजर असल्याचं कळवतो, मग बोर्ड त्याची माहिती, ईडीआयडी, वाचतो. ही माहिती मुळात 128 बाइटांची असते आणि आय2सीच्या 0x50 या पत्त्यावर मिळते. लाईट आल्यावर बोर्ड आणि मॉनिटर एकदमच उठतात. काही मॉनिटर हजेरी द्यायला उशीर लावतात, तोवर बोर्ड ‘मॉनिटर नाही’ असं ठरवून पुढे गेलेला असतो. घरी टेबलावर मॉनिटर आधीच चालू असतो, म्हणून हा दोष घरी कधीच दिसत नाही. बोर्ड दुकानात बसवण्याआधी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शनला लावा आणि खटका एकदम पाडून पाहा.

ऑलविनरवर ‘व्हिडिओ-मोड’ या चलात रेझोल्यूशन ठरवून एचपीडी, म्हणजे हजेरीची तपासणी, शून्य आणि ईडीआयडी शून्य देता येतं, मग बोर्ड हजेरीची वाट पाहत नाही. रास्पबेरी पायवर कॉन्फिग फाइलीत एचडीएमआय फोर्स हॉटप्लगची ओळ 1 करतात. पायचं आणखी एक सांगतो. तिथे पडदा यू-बूट पेटवत नाही, पायचं स्वतःचं फर्मवेअर पेटवतं आणि यू-बूट त्याच्याकडून फ्रेमबफर मागून घेतं. म्हणून सुरुवातीचा इंद्रधनुषी चौकोनच दिसला नाही, तर यू-बूट उघडायचीही गरज नाही. पाय 4 वर दोन एचडीएमआय आहेत. पॉवरच्या यूएसबी-सीला लागून असलेल्या तोंडातच केबल घाला.

विजेचा दोष

माझा पडदा टेबलावर चालला, आणि काट्यावर नेला तर बोर्ड पुन्हा पुन्हा उठायला लागला. सिरियलवर यू-बूटचं नाव यायचं, दोन सेकंदांनी पुन्हा तेच नाव. पोरगा म्हणाला, “दादा, आता तर टीव्ही डोळे मिचकावतोय.” त्याच्या त्या वाक्यातच निदान होतं. बॅकलाइट पेटला की करंट एकदम वाढतो. काट्याच्या खोलीत अडॅप्टर एका भिंतीला आणि बोर्ड दुसऱ्या भिंतीला होता, मधे बारीक, लांब तार. अडॅप्टरपाशी 5.1 व्होल्ट होते, बोर्डापाशी बॅकलाइट पेटताना 4.4. पूर्वी बॅकलाइट लिनक्समध्ये हळूहळू उजळायचा, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. तार जाड आणि हातभर केली, प्रश्न मिटला. रास्पबेरी पायसुद्धा 4.63 व्होल्टच्या आसपास कमी विजेचा इशारा देतं. मोजायचं ते बोर्डाच्या पिनांवर, आणि पडदा पेटलेला असताना. अडॅप्टरवर छापलेल्या आकड्याचा इथे उपयोग नाही.

यू-बूटचा लोगो दिसतो आणि कर्नल सुरू होताच पडदा विझतो, हेही होतं. कर्नल सुरुवातीला जी घड्याळं कुणी मागितलेली नाहीत ती बंद करतं. न मागितलेले रेग्युलेटर साधारण 30 सेकंदांनी बंद होतात. म्हणून पडदा नेमका अर्ध्या मिनिटानं विझत असेल, तर पॅनलची वीज देणारा रेग्युलेटर डिव्हाइस ट्रीत पॅनलला जोडलेला नाही. घड्याळाचा संशय असेल तर बूटआर्ग्जमध्ये ‘क्लॉक इग्नोर अनयूज्ड’चा पर्याय देऊन पाहा. तो फक्त निदानासाठी वापरा. खरा उपाय डिव्हाइस ट्रीत नोंद पूर्ण करण्याचा, किंवा यू-बूटचा फ्रेमबफर सिंपल-फ्रेमबफर म्हणून कर्नलच्या हाती देण्याचा आहे.

पडद्यावर मराठी

आता काय दाखवायचं? यू-बूटच्या कन्सोलवर मराठी लिहिता येत नाही. त्याचा नेहमीचा फॉन्ट 8 × 16 ठिपक्यांचा, इंग्रजी अक्षरांचा आहे. ट्रूटाइप फॉन्ट घालता येतो, पण जोडाक्षरं जुळवणं आणि वेलांटी जागेवर बसवणं त्याला जमत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं डॉसच्या काळात संगणकात बसवायला जिस्ट कार्ड काढलं, कारण पडद्यावर देवनागरी आणायला तेव्हा वेगळं हार्डवेअर लागत होतं. आपण बूटलोडरमध्ये साधारण त्याच जागी उभे आहोत, पण आपली सुटका सोपी आहे. मजकुराचं चित्र करायचं.

मी संगणकावर मोठ्या अक्षरात ‘लाईट आली. थांबा, खटका बंद करू नका’ असं लिहून त्याचं बीएमपी केलं. 800 × 480 चं 24 बिटी बीएमपी 1152054 बाइटांचं होतं. रंग 256 वर आणले की तेच 385078 बाइटांत बसतं, कार्डावरून लवकर वाचलं जातं आणि काळ्यावर पिवळ्या अक्षरांना तेवढे रंग पुरून उरतात. बीएमपी जतन करताना कॉम्प्रेशन बंद ठेवा. चित्र मेमरीत चढवताना पत्त्यात 2 मिळवा, म्हणजे शेवट 0 ऐवजी 2 नं होऊ द्या. बीएमपीच्या सुरुवातीला दोन बाइटांची खूण असते, त्यामुळे पुढचे आकडे चारच्या पटीत बसत नाहीत आणि काही चिपांवर यू-बूट तिथेच कोसळतं. आधी ‘बीएमपी इन्फो’ देऊन चित्राचं माप बरोबर वाचलं जातं का बघा, मग ‘बीएमपी डिस्प्ले’. ते चाललं की तोच पत्ता ‘स्प्लॅशइमेज’ या चलात ठेवा आणि ‘स्प्लॅशपॉस’ला एम,एम देऊन चित्र मधोमध आणा.

सगळं झाल्यावर प्रिंटएन्व्हचं पूर्ण आउटपुट एका फाइलीत उतरवून घ्या आणि चालू असलेल्या कार्डाची हुबेहूब नक्कल करून ती काट्याच्या खोलीतच, गल्ल्याच्या खणात, नाव लिहून ठेवा. सोयाबीनची रांग लागलेली असताना कार्ड बदलायला तुम्ही लातूरहून निघालात, तरी ट्रॅक्टरवाल्याला तेवढा वेळ थांबणं परवडत नाही.